ज्येष्ठांचं घरात पडणं: बाथरूमच्या दांडीपलीकडे काय काय बघायचं?

शेवंती

नमस्कार मंडळी,

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या सासूबाई घरातच पडल्या. वय ७८. पहाटे बाथरूमला जायला उठल्या आणि पलंगापासून चार पावलांवर कोसळल्या. मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर झालं, आता हात बराचसा वळतो. पण मनात बसलेली धास्ती जात नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

सगळ्यांनी पहिली सूचना केली ती बाथरूममध्ये दांडी बसवायची. ती बसवलीच पाहिजे, पण त्या बाथरूममध्ये पडल्याच नव्हत्या. फरशी कोरडी होती, पायात काही आडवं आलं नव्हतं. "उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली" एवढंच त्या सांगत होत्या. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतलं. आडवं असताना वरचा आकडा १४६, उभं राहिल्यावर ११८. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष धरतात. बसवून एकदाच बीपी घेतलं असतं तर हे कळलंच नसतं. रात्री बीपीची गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी, वर झोपेची गोळी, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद! कारण या सगळ्यात होतं.

आता गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी बदलून दिल्या आहेत. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेताचं. रात्री जाग आली की लगेच उठायचं नाही. पलंगाच्या कडेवर बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मिनिटभराने उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावरही पलंगाला धरून थोडं थांबायचं. दिव्याचं बटण कपाटामागे होतं, अंधारात चाचपडत जावं लागायचं. आता पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत सेन्सरचे छोटे दिवे लावलेत. गोधडीचं पायपुसणं काढून टाकलं.

माझे प्रश्न: फरशीचं काय करावं? त्या काठी घ्यायला साफ नकार देतात, कसं समजवावं? आणि व्यायाम नक्की कोणता?

चिरेबंदी

शेवंतीताई, बांधकामात बरीच वर्षं आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

दांडी म्हणून टॉवेल रॉड चालत नाही. तो टॉवेलचं वजन पेलतो, माणूस लोंबकळला की स्क्रूसकट हातात येतो. स्टीलची खास आधाराची दांडी मिळते, मुठीत नीट मावेल इतक्या जाडीची, साधारण ३२ ते ४० मिमी. ती अँकर फास्टनरने विटेच्या भिंतीत बसवायची. नवीन इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे फास्टनर वेगळे लागतात. टाइलवर बोटाने टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर त्या जागी भोक पाडू नका. बसवल्यावर स्वतः पूर्ण वजन टाकून लोंबकळून बघा आणि मगच मिस्त्रीचे पैसे द्या. रबरी चकतीने भिंतीला चिकटणारे हँडल अजिबात नको, ते कधी सुटेल सांगता येत नाही.

जागा कशी ठरवायची? ज्यांच्यासाठी बसवायची त्यांना कमोडवर बसवा, उठायला सांगा. हात आपोआप कुठे जातो तिथे खूण करा. अंघोळीच्या जागी दुसरी. आत शिरताना दारालगत तिसरी, ही बहुतेक जण विसरतात.

दार आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करून घ्या. आत पडलेला माणूस दाराला टेकला असेल तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही, मदत बाहेरच अडकते. कडी काढून बाहेरूनही नाण्याने उघडता येईल असं लॅच लावा.

फरशी सगळी उखडायची गरज नाही. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल कोरडी असताना ठीक असते, धोका पाण्याचा आणि साबणाचा. अंघोळीच्या जागेपुरत्या मॅट, खरखरीत टाइल बसवा, किंवा निदान न घसरणाऱ्या पट्ट्या चिकटवा. बाथरूम दोन इंच खाली असतं, ती पायरी फरशीच्याच रंगाची असल्याने कमी दिसणाऱ्यांना कळत नाही. कडेला पिवळी किंवा लाल पट्टी लावली की काम होतं. उंबऱ्यालाही तेच.

कोकणातल्यांसाठी वेगळं सांगतो. जांभ्या दगडाच्या पायऱ्या आणि अंगणातल्या वाटेवर पाऊस सुरू होऊन आठवडा झाला की शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं, आणि संपूर्ण पावसाळाभर घासत राहायचं. न्हाणीघर किंवा संडास घराबाहेर असेल तर वाटेच्या कडेने गॅल्व्हनाइज्ड पाइपचा कठडा करून घ्या. आमच्याकडे गावात गणपतीपर्यंत पडल्याच्या बातम्या येतच राहतात, त्यातल्या बहुतेक या वाटेवरच्या.

गोदाकाठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. घरातल्या वस्तू बदलण्यावर सगळ्यांचा भर असतो, पण तोल आणि पायांची ताकद यांच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या मते खरं काम तिथे आहे. ज्येष्ठांच्या व्यायामावर झालेल्या शंभराहून अधिक चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये आढावा घेतला. नियमित व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं असं त्यात दिसलं. त्यातही फायदा होतो तो तोलाच्या आणि ऊठबशीसारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा. नुसतं बागेत संथ चालून तोल सुधारत नाही, आणि ज्यांचा तोल आधीच गेलाय त्यांना "रोज भराभर चाला" सांगणं धोक्याचं.

आधी घरच्या घरी पाहून घ्या. हाताच्या खुर्चीत बसवा, समोर तीन मीटरवर खूण करा. उठायचं, खुणेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असं समजतात. दुसरं म्हणजे एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून, एकापुढे एक पाय ठेवून दहा सेकंद उभं राहता येतं का? घरातल्या कुणीतरी शेजारी उभं राहूनच हे करा.

व्यायामाला ओटा सगळ्यात उत्तम. उंची बरोबर असते, पक्का असतो. ओट्याला दोन्ही हात धरून टाचा उचलायच्या, मग चवडे. एक पाय बाजूला. गुडघ्यातून मागे. ओटा धरून आडवं, खेकड्यासारखं चालायचं. मग दोन हातांऐवजी एक हात, मग दोन बोटं. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं हा राजा व्यायाम. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, जमेल तशी काढा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, चाकाची किंवा प्लास्टिकची हलकी नको. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातून अशा घरगुती व्यायामांचा एक क्रम निघाला, त्यात हे सगळं आठवड्यातून तीनदा आणि पायाला थोडं वजन बांधून करायचं असतं. पहिल्यांदा फिजिओकडून शिकून घ्या.

काठीबद्दल. सरळ उभं राहून हात सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यायला हवी. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. अनेक आजोबा नेमकं दुखऱ्या बाजूलाच धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. पण प्रत्येकाला काठी लागतेच असं नाही. सासूबाईंचा तोल तपासून घ्या, कदाचित गरजच नसेल.

माळरान

वर फिजिओताईंनी सांगितलं ते मान्य, पण मूळ दुखणं वेगळं आहे असं माझं मत. आमची आजी नव्वदीपर्यंत जमिनीवर पाटावर बसून जेवली, चुलीपुढे बसून स्वयंपाक केला, भारतीय संडास वापरला. कधी पडली नाही. आपण घराघरांत डायनिंग टेबल आणि कमोड आणले आणि म्हाताऱ्यांचे पाय घालवले.

गोदाकाठ

माळरान, यात तथ्य आहे. जमिनीवरून उठता येणं ही मोठी ताकद आहे आणि ज्यांना जमतं त्यांनी ती मोडू नये. साठीच्या, गुडघे चांगले असलेल्या माणसाने "आता वय झालं" म्हणून मांडी घालणं सोडायची काहीच गरज नाही. पण गुडघे झिजलेल्या पंचाहत्तरीच्या बाईला रात्री दोन वाजता उकिडवं बसायला लावून ताकद येत नाही, ती तिथेच पडते. ताकदीसाठी दिवसा, आधाराने, कुणीतरी जवळ असताना व्यायाम. रात्रीच्या संडासासाठी कमोड आणि दांडी.

हिरडा_बेहडा

डॉक्टर आहे, वृद्धांचे रुग्ण जास्त बघतो. शेवंती, तुमच्या डॉक्टरांनी उभं करून बीपी घेतलं याबद्दल त्यांचं कौतुक.

पण एक महत्त्वाची गोष्ट तुमच्या लिहिण्यात आली नाही. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, याचा अर्थ हाडं ठिसूळ झाली असण्याची दाट शक्यता आहे. प्लास्टर काढलं की उपचार संपले असं बहुतेक घरांत होतं. पुढचं मोडणारं हाड खुब्याचं किंवा मणक्याचं असतं. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही, हाडांची वेगळी औषधं असतात.

आता गोळ्या. ज्यांच्या घरी ज्येष्ठ आहेत त्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. हृदयवाल्यांची, मूत्रविकारवाल्यांची, हाडांवाल्यांची, शिवाय मेडिकलमधून स्वतः आणलेली. तोल घालवणाऱ्यांत पहिला नंबर झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचा: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनने आणि बीपीच्या प्राझोसिनने उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनही म्हाताऱ्या माणसाला गुंगवतं. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीने, जेवण चुकलं की साखर एकदम खाली येते. यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, झोपेची तर मुळीच नाही. ती हळूहळूच कमी करावी लागते.

ड जीवनसत्त्वाबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. कमतरता असेल तर ती भरून काढावी, पण "जास्त घेतलं की जास्त फायदा" असं नसतं. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिलं, तेव्हा त्या गटात पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी डॉक्टरांनी जितके आठवडे सांगितली तितकेच आठवडे घ्या, वर्षानुवर्षं नाही.

डोळे: मोतीबिंदू "पिकायची" वाट बघू नका. आणि बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून जिना उतरताना पायरी खालच्या, वाचायच्या भागातून दिसते, म्हणजे धूसर. जिन्यात मान वाकवून बघायची सवय लावा, किंवा बाहेर जायला फक्त लांबचा वेगळा चष्मा करा.

प्राजक्त७४

मी ७४ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. सगळे आमच्याबद्दल लिहिताय, म्हणून म्हटलं आपणही लिहावं.

बाळांनो, पडल्यापेक्षा पडल्यानंतर जे होतं ते जास्त वाईट असतं. माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांनी तिला "तू बस, आम्ही करतो" म्हणून भाजी निवडण्याखेरीज काही करू दिलं नाही. ती बसली ती बसलीच. सहा महिन्यांत खुर्चीतून उठायला माणूस लागायला लागला. प्रेमापोटीच केलं सगळ्यांनी, पण पाय गेले. आम्हाला काम करू द्या. फक्त वरच्या फळीवरचे डबे खाली आणून ठेवा, म्हणजे आम्ही स्टुलावर चढणार नाही. रोजच्या वापराचं सगळं कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत हवं. देवघरातली समई, तेलाचा बुधला, सगळं.

साडीबद्दल कुणी लिहिलं नाही. निऱ्या जमिनीला टेकल्या की पायाखाली येतात आणि पायरी चढताना तोंडावर पडायला होतं. मी घोट्याच्या वर नेसते, घरी पायघोळ गाऊन घालत नाही. आमच्या ह्यांची लुंगीही घोट्यापर्यंतच. घरात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांनी फिरत नाही, मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची चप्पल घरातल्या घरात ठेवली आहे. देवघरात चप्पल चालत नाही, तिथे खुर्ची ठेवली, बसून चप्पल काढते, बसूनच पूजा करते. देवाला चालतं.

आणि उपवास! एकादशी, संकष्टी, नवरात्र. पोटात काही नाही आणि साखरेची गोळी मात्र नेमाने घेतलेली. आमच्या सोसायटीत आषाढी एकादशीला एक जण देवळाच्या पायऱ्यांवरच कोसळले, साखर उतरली होती. उपवास करायचाच असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून गोळी ठरवून घ्या.

शेवंती, सासूबाईंना काठी "घ्या" म्हणू नकोस. माझ्या मुलीने मला दुकानात नेलं, मी निवडली. आणि त्यांना विचार, कशाची भीती वाटते? पडायची, की लोकांनी म्हातारी म्हणायची? उत्तर वेगळं असेल तर उपायही वेगळा.

दूरदेशी

आजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने "बघ, मी हेच सांगते" म्हटलं.

माझे आईवडील डोंबिवलीत दोघेच, मी न्यू जर्सीत. माझी काळजी ही की पडले तर कुणाला कळणार? पडल्यावर निरोप पाठवणारं घड्याळ बाबा वापरतील, आई नाही म्हणते. कॅमेरा लावावा का?

चिरेबंदी

कॅमेरा दिवाणखान्यात एक वेळ ठीक, पण पडणं होतं ते बाथरूममध्ये आणि झोपायच्या खोलीत. तिथे कॅमेरा लावणं त्यांच्या मानाला धरून नाही. बाथरूममध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर बिनतारी घंटीचं बटण लावा, पडलेल्या माणसाचा हात पोचेल असं. घंटी शेजाऱ्यांकडे. दाराची एक किल्लीही त्यांच्याकडे.

प्राजक्त७४

आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी एक फोन. आमच्या जिन्यातल्या आम्ही तिघी एकमेकींना साडेसातला नुसता मिस्ड कॉल देतो. नाही आला तर दार वाजवायचं. मी मोबाइल बटव्यात घालून गळ्यात अडकवते, बाथरूममध्येसुद्धा नेते. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

कौलारू

आमचा अनुभव लिहितो, कुणाच्या तरी कामी यावा. वडील गॅलरीत पडले. धावत आलेल्या लोकांनी काखेत हात घालून उभं केलं, चालायला लावलं. कुणी तेल आणलं चोळायला. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. ही खुबा मोडल्याची खूण आहे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या इस्पितळात "वय बघता ऑपरेशन नको, झोपवून ठेवू" म्हणाले. दुसरीकडे नेलं, तिथे दोन दिवसांत ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. आज ते घरात चालतात.

हिरडा_बेहडा

कौलारू, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पडलेल्या माणसाला ओढून उठवायची घाई करू नका. आधी बोला, कुठे दुखतंय विचारा. खुब्यात किंवा मांडीत दुखत असेल, पाय आखूड किंवा वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, चोळू नका, खायला-प्यायला देऊ नका, पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो ३६ ते ४८ तासांत व्हावं असा प्रयत्न असतो. वय जास्त म्हणून अंथरुणात पाडून ठेवलं तर न्यूमोनिया, शय्याव्रण, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि माणूस त्यानेच जातो.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरून बरे दिसले तरी त्याच दिवशी इस्पितळात न्या. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात रक्त हळूहळू साचू शकतं, दोन-तीन आठवड्यांनी झोप वाढते, बोलण्यात गोंधळ होतो, एका बाजूला चालताना झोक जातो. तेव्हा मागच्या पडण्याची आठवण कुणालाच राहिलेली नसते. डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

गोदाकाठ

आणि काही मोडलं नसेल तर उठायचं कसं, हे पडायच्या आधी शिकून ठेवा. कुशीवर वळायचं, कोपरावर उठायचं, मग हात-गुडघ्यांवर, रांगत खुर्ची किंवा पलंगापर्यंत जायचं. दोन्ही हात बसायच्या जागेवर टेकवायचे, भक्कम पाय पुढे रोवायचा, जोर लावून उठायचं आणि वळून बसायचं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी गादीवर हे करून घेते. एकदा जमलं की भीती निम्मी होते. उठता आलं नाही तर घसरत चटई किंवा चादरीवर जायचं, अंग गार पडू द्यायचं नाही, आणि काहीतरी वाजवत राहायचं.

माळरान

आमच्या गावाकडे दांड्या, सेन्सरचे दिवे, फिजिओ हे सगळं कुठून आणायचं?

गोदाकाठ

राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र शिबिरांतून मोफत देतात. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. बाकी ओट्याऐवजी खिडकीचे गज चालतात, दांडीऐवजी भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी पाइप. बॅटरी उशाशी. व्यायामाला पैसे लागत नाहीत.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. डेक्सा केली, टी-स्कोअर उणे २.९ आला, औषध सुरू झालंय. झोपेची गोळी डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतायत. सासूबाई ओट्याला धरून टाचा उचलतात, कुकरची शिट्टी होईपर्यंत. प्राजक्तकाकूंनी सांगितलं तसं त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "पडायची भीती नाही, तुम्ही मला घरात कोंडाल याची आहे." त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. आता गुरुवारी दत्ताच्या देवळात त्या आणि शेजारच्या काकू बरोबर जातात. काठी अजूनही नको म्हणतात, पण मोठी छत्री हातात घेतात आणि तीच टेकतात. चालेल का?

गोदाकाठ

छत्री नको. तिचं टोक ओल्या फरशीवर सटकतं आणि दांडा वजनाने वाकतो. देवळाची ओली फरशी तर सगळ्यात वाईट. छत्रीसारखीच दिसणारी, वाकड्या मुठीची लाकडी काठी मिळते, ती दाखवून बघा. खाली रबरी टोपी हवीच, तिच्या तळाच्या रेघा झिजल्या की बदलायची. सर्जिकलच्या दुकानात सुटी मिळते, काठी बरोबर नेऊन मापाची घ्या.